वानवळा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
राजापेठ, अमरावती

आले एकदाची! खोली मला फार आवडली. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी, खिडकीत आधीच्या भाडेकरूने सोडलेली कोरफडीची कुंडी. खाली गल्लीत दोन ट्यूशन क्लास आहेत, त्यामुळे दिवसभर पोरापोरींच्या स्कुट्यांची दाटी, आणि त्यांच्या पलीकडे संत्र्यांची हातगाडी. घरमालकीणबाईंनी पाणी भरून ठेवायला सांगितले म्हणून मी सगळ्या बादल्या भरल्या. मग वाटले, आपण जास्त तर घेतले नाही? खाली जाऊन विचारून आले. त्या हसल्या, म्हणाल्या, टाकी आटवली तरी सांगायला येऊ नको व माय.

बाबा सोडायला आले होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते बोलके झालेत. मूर्तिजापूरला एस.टी. थांबली तेव्हा चहा पाजून मला समजावले, की अमरावती म्हणजे काही परदेश नाही, रविवारी घरी ये, उगाच रडत बसू नको. मी रडत नव्हते. रडत ते होते.

आत्या आली नाही. तिने डबा भरून दिला: ज्वारीच्या भाकरी, झुणका, आणि तिच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. मनकर्णाआत्याबद्दल इथे नीट लिहून ठेवते, कारण या रोजनिशीचे पहिले पान तिचेच आहे. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. लहानपणी मला फिट्स यायच्या म्हणून शाळेवाले घ्यायला का-कू करत. चौथीपर्यंत मला आत्यानेच घरी शिकवले. सकाळी ती अकोल्यात डाबकी रोडच्या बालवाडीत शिकवायची आणि दुपारी मला. माझी आजी अंगठा लावायची. आत्या आमच्या घरातली सही करणारी पहिली बाई. तिने माझे बोट तिच्या मुठीत धरून पाटीवर अक्षर काढले, आणि पाढे तर एका खास चालीवर शिकवले, तशी चाल मी दुसऱ्या कोणाकडे ऐकली नाही.

आत्या मला ‘          ’ म्हणते. जगात दुसरे कोणीही मला त्या नावाने हाक मारत नाही. आज तिने फाटकातून अशी हाक मारली, की ऑटोवालासुद्धा वळून बघू लागला.

उद्या कामाचा पहिला दिवस. दार लावले. पुन्हा बघून आले. लावलेले आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनी म्हणजे क्लासच्या वरच्या दोन खोल्या. मालक केदारसर, पुण्याला बरीच वर्षे काम करून परत आलेले, फार सभ्य, कधी आवाज चढवत नाहीत. दुसरा स्वप्निल, तो कोडिंग करतो आणि रोज तिवस्याहून बसने येतो. तिसरी मी. माझे काम दोन तऱ्हेचे: व्हिडिओ गेममधल्या पात्रांना वऱ्हाडी बोलायला लावणे, आणि गेम पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधणे. चुका शोधायचे मला पैसे मिळणार हे ऐकून बाबा म्हणाले, मग तर तू जन्मापासून नोकरीवरच आहेस.

मुलाखतीत केदारसरांनी मला कॉम्प्युटरचे काहीच विचारले नव्हते. शेजारणीकडून वाटीभर भाजी आली तर वाटी परत कशी करता, एवढेच विचारले होते. मी म्हणाले, रिकामी कधीच नाही. काही नसले तर चिमूटभर साखर घालून, पण विकतचे घालण्यापेक्षा आपल्या घरचे घातलेले बरे. त्यांनी विचारले, असे का? मी खरे ते सांगितले. आजीच्या काळी आमच्या घरचे भांडे कोणी हातात घेत नसे, आणि आमच्या घरी कोणी आपले भांडे पाठवत नसे. म्हणून आत्या म्हणते, भांडे आले म्हणजे मान आला, मानाला रिकामे परत धाडायचे नाही. सरांनी लगेच सांगितले, मंगळवारपासून या.

गेमचे नाव ‘वानवळा’. सरांनी समजावून सांगितले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. नेहमीच्या गेममध्ये म्हणे वीर कोणाच्याही घरात घुसतो, मडकी फोडतो, रांजणातल्या मोहरा घेतो, आणि घरधनी कोपऱ्यात उभा राहून बघतो. वाटेत दिसेल त्याला मारतो, आणि जितके मारील तितकी त्याची लेव्हल वाढते. आपला गेम उलटा. वीर गावात येतो तेव्हाच त्याची लेव्हल शंभर असते. गावात कोणी त्याच्याशी लढत नाही. जो तो त्याला जेवायला घालतो, सोबत वाटी देतो. ती वाटी भरून परत करायची. प्रत्येक वाटीमागे लेव्हल खाली येते, तलवार गंजते, चिलखत गळते. शून्यावर आले की तो गावातला एक साधा माणूस होतो, आणि तेच जिंकणे.

स्वप्निलचे मत वेगळे. लेवल कमी करासाठी गेम कायले पायजे, म्हणे, आमच्या तिवस्याच्या बसमध्ये उभं राहून या, उतरेपर्यंत शून्य. तो गेम तपासताना कोणाचीच वाटी भरून देत नाही. ‘रिकामं’ हे बटण दाबतो आणि पुढे जातो. मला राहवले नाही, मी बोलले. तर म्हणाला, ‘टेस्टिंग हाय बाई, कीर्तन नाई.’

त्याने सरांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातले आणि मला डोळ्याने खूण केली. सरांनी सगळा चहा पिऊन टाकला. तोंडसुद्धा वाकडे केले नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्याकडे जमुनाबाई आली आहे. गेममधल्या गावाच्या शेवटच्या घरात ही म्हातारी राहते. नाल्याकाठी घर, दारात पिंपळ. आजपर्यंत ती पुस्तकातल्यासारखी ‘यावे, पथिका’ म्हणायची. मी तिचे बोलणे बदलले. आता वीर दारात आला की ती म्हणते, काहून रे, तलवार घेऊन जेवाले बसतं काय कोणी? स्वप्निल खूप हसला.

दुपारी तिची वाटी तपासली. तिने अंबाडीची भाजी दिली. परत करताना पर्याय येतात: साखर, गूळ, दुसरे काही, रिकामे. मी साखर दाबली. तर जमुनाबाई म्हणाली, की साखर दुकानातली असते, ती कोणीही देते, तुह्या घरचं काय हाय ते दे ना माय. हे वाक्य मी लिहिलेले नव्हते. स्वप्निलला विचारले, त्याने सरांवर ढकलले, सर फोनवर होते.

मग ‘दुसरे काही’ दाबले. तिथे टाइप करायला जागा आहे. मी टाइप केले: आत्याच्या हातचे लिंबाचे लोणचे.

जमुनाबाईने खाल्ले आणि आंबट लागल्यासारखा एक डोळा मिटला. चौकोनी ठिपक्यांचा तो चेहरा, पण डोळा अगदी आत्यासारखा मिटला. मला इतके बरे वाटले! हे स्वप्निलला सांगितले, तर तो म्हणाला, डोळा मिटायचे चित्र त्याने काढलेलेच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जमुनाबाईने पुन्हा वाटी दिली. मी टाइप केले: आत्याची पाढ्यांची चाल. ती नाल्याकाठी बसून गुणगुणायला लागली. आवाज कुठून येतो हे स्वप्निलला सापडेना. केदारसर आपली खुर्ची सोडून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ ऐकत होते. मला म्हणाले, ज्योत्स्ना, तुम्ही मनापासून खेळता. मला संकोच वाटला.

त्यांच्या टेबलावर एका बाईंचा फोटो आहे. कोणाचा म्हणून विचारले तर म्हणाले, कुणास ठाऊक, आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल. मला वाटते ते थट्टा करत होते. बाईंचे नाक हुबेहूब सरांसारखे आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
अकोला

जेवताना लोणचे मागितले. आत्या म्हणाली, कोणतं लोणचं? मी म्हणाले, तुझे, लिंबाचे. ती बाबांकडे बघून हसली. म्हणाली, पोरगी अमरावतीची पाव्हणी झाली, गंमत करून राहिली. मी लोणचं कधी घातलं व?

मला वाटले वय झाले, विसरली. पण बाबाही तेच म्हणाले. आपल्याकडे लोणचे नेहमी दुकानातूनच येते. मी फळीवरच्या बरण्या काढल्या. दरवर्षी ज्यात लोणचे मुरते ती चिनी मातीची बरणी जागेवर होती. कोरडी, स्वच्छ. आत तेलाचा डाग नाही, वास नाही. जिभेवर चव आणायचा प्रयत्न केला. लिंबू आठवते, मीठ आठवते. ते लोणचे आठवत नाही.

दुपारी आत्या गोधडीला टाके घालत होती. तिला म्हणाले, पाढे म्हणून दाखव ना, तुझ्या चालीत. तिने शाळेतल्या मास्तरसारखे सरळ म्हणून दाखवले. मी म्हणाले, असे नाही. मग मीच म्हणायला लागले, आणि माझ्या तोंडून चाल निघेना. चाल होती हे मला माहीत आहे. कशी होती ते माहीत नाही.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग नेहमीच्या नावाने हाक मारून म्हणाली, बिमार आहेस काय? ते ऐकून जीवात जीव आला.

१० नोव्हेंबर, सोमवार

खोलीवरची, आत्याने दिलेली बरणीही कोरडी निघाली. स्वप्निलला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, हसला नाही, पण मानलेही नाही. म्हणाला, बुढ्या माणसाचं असं होते, आणि चाली तर मीबी विसरतो. त्याचे म्हणणे, मी तर शंभर वेळा खेळलो, माझं काय गेलं? मी म्हणाले, तू रिकामी वाटी देतोस. तो म्हणाला, मग तूही दे.

बरोबर आहे त्याचे. पण नुसत्या संशयावर कोणाला दोष देणे बरे नाही. गेम केदारसरांचा आहे, त्यांनी मला नोकरी दिली. उद्या उठून मी म्हणणार, तुमचा गेम माझ्या घरातले नेतो? वेडी म्हणतील. आधी खात्री करायला हवी. काहीतरी लहानसे द्यावे, ज्याने कोणाचे नुकसान होणार नाही, आणि घरी फोन करून ताडून पाहता येईल. एकदाच.

संध्याकाळपर्यंत विचार केला. लहानसे काय? आत्या मला ज्या नावाने हाक मारते ते. गेले तरी काय, ज्योत्स्ना म्हणेल. बाबा तसेच म्हणतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी ते नाव टाइप केले. जमुनाबाईने पडद्यातून माझ्याकडे पाहिले आणि मला त्या नावाने हाक मारली. आत्याच्या आवाजात. नंतर तिच्याकडून दुसरे शब्द आले, पण ती हाक कशी होती ते त्याच क्षणी माझ्या डोक्यातून गेले.

जिन्यात उभी राहून घरी फोन केला. आत्याने उचलला. मी म्हणाले, आत्या, मी. ती म्हणाली, कोण बोलते? मी म्हणाले, ज्योत्स्ना. तिने विचारले, ‘कोणाच्या तुमी?’

तुमी म्हणाली मला.

मी म्हणाले, आत्या, मी तुमच्या किसनची मुलगी. ती म्हणाली, किसनले मुलगी कुठं हाय, बाई? तुमचा नंबर चुकला असन. आणि अगदी नीट, मायेने, अनोळखी माणसाशी बोलावे तसे तिने विचारले की मी कुठून बोलते, जेवण झाले का.

खोलीवर येऊन या वहीचे पहिले पान काढले. मी नाव लिहिले होते. नक्की लिहिले होते. तिथे कोरा कागद आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा फोन. ते घाबरलेत. मी त्यांना आठवते. आत्याला आठवत नाही. भिंतीवरच्या फोटोतली मुलगी कोण म्हणून सकाळपासून विचारते आहे. बाबांनी सांगितले की चार बरसं हिला तूच शिकवली. ती म्हणाली, मी बालवाडीतल्या पोराईले शिकवलं, घरी कोणाले शिकवलं नाई. बाबा म्हणाले, तिचा हात आपोआप मूठ धरल्यासारखा होतो, आणि ती त्या मुठीकडे बघत राहते.

नाव लहान नव्हते. ज्याला ते बांधलेले होते ते सगळेच त्याच्यासोबत गेले. हे मला कळायला हवे होते. खात्री करायची होती मला!

आज जमुनाबाईला रिकामी वाटी दिली. काहीच झाले नाही. ती फक्त ‘बरं’ म्हणाली. आत्याच्या आवाजात, मी पाटी अर्धवट टाकून उठले की आत्या म्हणायची तसे. घरी फोन केला. तसेच आहे सगळे. रिकामे दिले की जात नाही. रिकामे दिले की परतही येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केदारसरांना सांगितले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मला खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांना सगळे माहीत आहे.

म्हणाले, गेम बनवायला घेतला तेव्हा जमुना मेलेल्या बाहुलीसारखी होती. एकदा त्यांनी स्वतःच वाटी भरून दिली. घरचे. तिचा चेहरा हलला. मग देत गेले. चहाची चव दिली. आईचे हसणे दिले. शेवटी आई दिली. टेबलावरचा फोटो त्यांनी उचलून मला दाखवला आणि विचारले, ही माझी आई असावी, नाही का? नाकावरून वाटते. अगदी शांतपणे विचारले.

मी म्हणाले, मग मला का बोलावले? म्हणाले, माझ्याकडचे संपले, म्हणून जाहिरात दिली. आधी आलेले सगळे स्वप्निलसारखे होते. रिकामे देतात, त्यांचे काही जात नाही. अशा माणसांचा उपयोग नाही हो. तुमच्यासारखी, जिच्या घरी वाटीला इतका मान आहे, अशी मुलगी मिळायला फार वेळ लागला.

मी रडत होते. त्यांनी कागदी रुमाल दिला.

मग पुढचे सांगितले. सोमवारी जमुना गेम घेऊ पाहणाऱ्या पुण्याच्या लोकांना दाखवायची आहे. त्याआधी तिचे देणेघेणे बंद करणार. मग ती वाटी देणार नाही, घेणार नाही. फक्त बोलेल. आतमध्ये जे आहे ते आतच राहील.

म्हणाले, तुमचे नाव गेमच्या शेवटी मोठ्या अक्षरात येईल.

स्वप्निल दारात उभा होता. त्याने ऐकले. बॅग उचलून निघून गेला. फोन उचलत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर जमुनाबाईसमोर बसले. टाइप केले, माझ्या आत्याचे परत दे.

ती म्हणाली, की तिला काही ठेवून घ्यायचे नाही. तिच्या घरचाही रिवाज तोच, वाटी भरून आली तर भरून परत द्यायची. आत्याचे होते नव्हते ते सगळे एकाच वाटीत घालून देईन म्हणाली. पण माझी वाटी आधी यायला हवी, आणि तेवढ्याच वजनाची.

मी माझी झोप देते म्हणाले. ‘हलकं हाय.’ माझा आवाज. हलका. माझी उरलेली वर्षे.

‘हे काय तुले आत्यानं देल्लं होतं? तिनं देल्लं ते दे.’

बाबा म्हणाले, आत्याने जेवण सोडले. घरात कोणीतरी लहान मूल उपाशी आहे असे तिला वाटते. त्याला शोधत खोल्या फिरते. ते सापडेपर्यंत जेवणार नाही म्हणते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरले. तिने मला दिलेले सर्वांत जड एकच आहे.

आत्याने शिकवलेली अक्षरे.

हे दुपारी, ऑफिसात लिहिते आहे. बटण दाबले नाही अजून. हस्ताक्षर बघून घेते. ळ मला आवडतो. त्याची गाठ मला जमत नव्हती, आत्याने मूठ धरून दुपारभर काढून घेतला होता.

आजीने अंगठा लावला. आत्याने सही केली. मी —

असू दे. आत्या जेवली पाहिजे.

शनिवार, नंतर

दाबले. जमुनाबाईने वाटी दोन्ही हातांनी घेतली. मग तिची वाटी आली. काठोकाठ.

बाबांचा फोन. रडत होते. आत्या जेवली. भाकरीसोबत लोणचे मागितले, बरणी भरलेली निघाली. पाढे म्हणते आहे, चालीत. माझ्यासाठी डबा भरते आहे, उद्या एस.टी.ने पाठवणार. डब्यात चिठ्ठी घातली आहे म्हणे, नेहमीसारखी. वाचून फोन करजो म्हणाली.

वाचून.

खाली उतरले तर क्लासची पाटी वाचता आली नाही. मोठी पाटी. रोजची. नुसत्या रेघा. वाचायचे गेले, हात मात्र अजून आपोआप थोडे लिहितो.

वर आले. केदारसर पडद्याजवळ होते. जमुना नाल्याकाठच्या वाळूत बोटाने लिहीत होती. सुंदर लिहीत होती. सर वाचून हसले. काय लिहिले ते मला सांगितले नाही.

पगाराच्या कागदावर सही मागितली. माझे नाव हाताला आठवेना. त्यांनी खणातून शाईचा पॅड काढला. आधीच आणून ठेवलेला. नवा, कागदही फाडलेला नव्हता.

म्हणाले, गेममधल्या शेजारच्या घरासाठी सोमवारी एक मुलगी मुलाखतीला येते आहे, धारणीची. तुम्हीही बसा. वाटीचा प्रश्न तुम्ही विचारा, तुमच्या तोंडून बरा वाटेल.

रविवार

हळू लिहिते. मागचे वाचता येत नाही. हाताला थोडे आठवते.

डबा आला. चिठ्ठी आहे. निळी शाई. आत्याची. रेघा.

डबा परत पाठवायचा. रिकामा नाही पाठवायचा. काय घालू. घरचे काय —

बोट निळे आहे. निघत नाही.

स्वप्निल आला. चिठ्ठी वाचून दाखव म्हणाले. त्याने पाहिली. वाचवेना त्याला. रडला. गेला.

ल कसा. ल —

फोन. आत्या. हाक मारली. तीच! तीच हाक. आली परत.

पहिले पान. कोरी जागा. तिथे लिहायची. आता. लगेच. हात आहे तोवर

आत्या मला म्हणाली, ‘